आकडा शून्यावर आणण्याआधी

गाड्यांना गॅसचं किट बसवायचं आणि बसवलेल्या किटचं ट्यूनिंग करायचं, हे माझं काम. चिखलीत खामगाव रोडला गॅरेज आहे. गिऱ्हाईक आसपासचंच. मेहकर, देऊळगाव राजा, बुलढाणा, अमडापूर. शेगावला आणि सैलानीला सवाऱ्या नेणारे ईकोवाले, शाळेच्या व्हॅनवाले, पुण्या-मुंबईकडून जुनी वॅगन आर घेऊन आलेले शिक्षक आणि दुकानदार. तक्रारीही ठरलेल्या. ॲव्हरेज पडला, पिकअप नाही, चेक लाइट लागला, झटके मारते. आणि त्यापाठोपाठ, 'मिस्तरी, जरा लॅपटॉप लावून सेटिंग करून द्या.'

हे सेटिंग नेमकं काय असतं आणि मुख्य म्हणजे कधी करू नये, यावर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण सेटिंगपायी चांगल्या गाड्यांचं नुकसान होताना मी पाहिलंय आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

आधी थोडं यंत्राबद्दल सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. एलपीजीला साडेपंधरा, सीएनजीला सतराच्या थोडी वर. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, इंधन जास्त झालं की रिच. हे बरोबर चाललंय की नाही ते कळावं म्हणून सायलेन्सरच्या पाइपावर, इंजिनाच्या जवळ, एक ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो 0.1 व्होल्टच्या आसपास दाखवतो, इंधन जास्त झालं असेल तर 0.9 च्या आसपास. चांगल्या गाडीत हा काटा सतत वरखाली करत असतो. त्याच्याकडे बघून गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंधन टक्क्या-दोन टक्क्यांनी वाढवतो, कमी करतो. या टक्केवारीला ट्रिम म्हणतात, आमच्यात सगळे करेक्शन म्हणतात. लगेचच्या दुरुस्तीला शॉर्ट टर्म आणि बराच वेळ तीच दुरुस्ती करावी लागली की ईसीएम जी लक्षात ठेवतो ती लाँग टर्म. पाचाच्या आत प्लस-मायनस असेल तर गाडी निरोगी. दहाच्या पुढे गेलं की मी कारण शोधायला लागतो. पंचवीसच्या आसपास पोचलं की बहुतेक गाड्या चेक लाइट लावतात. लीनचा कोड पी 0171, रिचचा पी 0172.

आता किटचं. सिक्वेन्शियल किटला स्वतःचा वेगळा ईसीयू असतो, पण तो इंजिन चालवत नाही. पेट्रोलचा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हा गाडीच्या ईसीएमचा हुकूम तो मध्येच धरतो, पेट्रोलचा इंजेक्टर बंद ठेवतो, त्या वेळेला एका आकड्याने गुणतो, गॅसचं प्रेशर आणि तापमान बघून थोडं कमीजास्त करतो आणि गॅसचा इंजेक्टर तेवढा वेळ उघडतो. वेगवेगळ्या आरपीएमला आणि लोडला कितीने गुणायचं त्याचा तक्ता म्हणजे मॅप. लॅपटॉप जोडला की त्यातला कुठलाही आकडा बटण दाबून वाढवता येतो. काम इतकं सोपं दिसतं, आणि म्हणूनच ते कोणीही करतं.

यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. गाडी गॅसवर चालतेय हे ईसीएमला माहीतच नसतं. त्याच्या हिशेबाने तो पेट्रोलच सोडत असतो. गॅस कमी पडायला लागला की तो वेळ वाढवतो, पंधरा टक्के प्लस करतो आणि तेवढं लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन पेट्रोलवर सुरू होतं, तेव्हा तेच पंधरा टक्के पेट्रोलवर चढतात. काळा धूर, पेट्रोलचा वास, ओले झालेले प्लग. मालक येऊन सांगतो, 'भाऊ, गॅसवर एकदम मस्त आहे, पेट्रोलवरच खराबी आहे.' त्याने जे पाहिलं ते खरं असतं, पण दुखणं गॅसच्या मॅपमध्ये असतं.

मी हे काम पुण्याला, भोसरीत शिकलो. तिथे चिखली म्हटलं की लोक पिंपरीजवळची चिखली समजायचे, मला दर वेळी बुलढाण्याचं नाव घ्यावं लागायचं. आमचे उस्ताद गाडी आली की गॅसच्या लॅपटॉपला हात लावू द्यायचे नाहीत. स्कॅनर लावा, गाडी गरम करा, पेट्रोलवर ठेवा आणि आयडलला, अडीच हजार आरपीएमला आणि रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये लोड देऊन करेक्शन कागदावर लिहा. 'पहिले पेट्रोल दाखव, मग गॅसचं बोलू.' बाहेर गाड्यांची रांग असायची, आणि गॅसच्या कामाला आलेल्या गाडीचं पेट्रोल तपासण्यात वेळ का घालवायचा हे मला कळायचं नाही. शिकाऊ पोरं म्हणून आम्ही लिहीत राहायचो.

ते कळलं चिखलीत स्वतःचं काम सुरू केल्यावर. पुण्याहून आणलेली एक वॅगन आर आली होती, एका सरांची. सकाळी चेक लाइट लागतो, दुसरी तक्रार नाही. स्कॅनर लावला तर पेट्रोलवर प्लस अठराच्या घरात आणि गॅसवरही जवळपास तेवढंच. गॅसवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ट्यूनिंग चोख, कारण पेट्रोल आणि गॅस दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळलेले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पेट्रोलची रेघ आणि गॅसची रेघ एकावर एक बसली की काम फत्ते समजतात, आणि इथे त्या बसलेल्याच होत्या. पण पेट्रोलवर अठरा टक्के कशाला लागावेत? प्रेशर गेज लावून पाहिलं तर पेट्रोलचा पंपच मरायला टेकला होता.

हे सीएनजीच्या गाड्यांत फार होतं. गॅस स्वस्त म्हणून लोक टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन् महिने फिरतात. पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. पेट्रोल तळाला गेलं की तो तापतो, झिजतो, प्रेशर कमी होतं, ईसीएम वेळ वाढवत राहतो. या गाडीचा गॅसचा मॅप कोणीतरी त्याच दिवसांत त्या आजारी पेट्रोलशी जुळवून दिला होता. ईसीएम पेट्रोलसाठी अठरा टक्के जास्त वेळ मागतोय, गॅसला तेवढं नको, म्हणून गुणायचे आकडे खाली ओढलेले. पंप बदलला. पेट्रोल प्लस दोनवर आलं आणि गॅस होता तिथेच, प्लस सतरावर, उघडा पडला. मग मॅप नव्याने केला. पेट्रोल आजारी असताना गॅस त्याच्याशी जुळवला तर आजार मॅपमध्ये उतरतो, आणि तो नंतर कुठल्याच रिपोर्टमध्ये आजार म्हणून दिसत नाही. उस्ताद ते आकडे कागदावर का लिहायला लावत होते, ते त्या दिवशी पक्कं डोक्यात बसलं.

करेक्शनचा आकडा साक्षीदारासारखा असतो. त्याने जे पाहिलं तेच तो सांगतो, गुन्हा कोणी केला ते शोधावं लागतं. मॅप बदलून आकडा शून्यावर आणला म्हणजे साक्षीदाराला गप्प केलं, तपास लागला असं नाही.

ऐन मे महिन्यातली एक ईको अजून डोळ्यांसमोर आहे. दुपारी दोनचं ऊन, पत्र्याला हात लावता येत नव्हता. देऊळगाव राजाकडचा गाडीवाला. गॅसवर गाडी दबते, गिअर बदलताना बंद पडते, म्हणत होता. पेट्रोलवर करेक्शन प्लस एक, स्वच्छ. गॅसवर मायनस वीसच्या आसपास आणि स्थिर नाही. वीस टक्के रिच, म्हणजे मॅप वीस टक्के खाली ओढा, दहा मिनिटांत गाडी मोकळी. बहुतेक ठिकाणी हेच झालं असतं. मी बोनेट उघडून रिड्यूसरवर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. तो गारठलेला होता. नीट पाहिलं तर त्याच्या अंगावर आणि गॅसच्या पाइपाच्या तोंडाशी पांढरं दव गोठलेलं, नखाने खरवडलं तर निघणारं. शेजारी इंजिन तापलेलं, बाहेर ऊन, आणि मधोमध हा बर्फ. गाडीवाला दोनदा हात लावून खात्री करत होता.

टाकीत गॅस दोनशे बारपर्यंत भरलेला असतो, रिड्यूसर तो दोन बारच्या आसपास आणतो. दाब इतका उतरला की गॅस जबर थंड होतो. म्हणून इंजिनाचं गरम पाणी दोन पाइपांनी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. या गाडीत ते पाणी फिरतच नव्हतं. आठवड्यापूर्वी रेडिएटरचं काम झालं होतं आणि पाणी भरताना हवा काढलेली नव्हती, ती पाइपात अडकून बसली होती. आत थंडीने कडक झालेला रबरी डायफ्राम प्रेशर धरू शकत नव्हता, ते नाचत होतं. आणि गार गॅस दाट, म्हणून तेवढ्याच वेळात जास्त सुटत होता. आणखी एक गोष्ट सापडली. पाणी पुरेसं तापल्याशिवाय, साधारण चाळीस अंशांच्या आत, गॅसवर जायचं नाही असं सेटिंग असतं. ते कोणीतरी वीसवर आणून ठेवलं होतं, गाडी लवकर गॅसवर जावी आणि पेट्रोल वाचावं म्हणून. म्हणजे जी गोष्ट या गाडीला अडवायला बसवली होती, तीच काढून टाकलेली.

हवा काढली, पाणी फिरायला लागलं, दव वितळून खाली टपकलं. सेटिंग पुन्हा चाळीसवर नेलं. करेक्शन मायनस तीनवर येऊन थांबलं. मॅपमधल्या एकाही आकड्याला हात लावला नाही. तो आधी वीस टक्क्यांनी खाली ओढला असता तर? पुढे कोणीतरी पाणी नीट भरलं असतं, रिड्यूसर गरम झाला असता आणि गाडी वीस टक्के लीन झाली असती. सवाऱ्या भरून राजूर घाट चढताना लीन गाडीचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात. सीएनजी कोरडं इंधन, व्हॉल्व्हच्या सीटला त्यात आधीच त्रास.

एका शाळेच्या व्हॅनचा प्रकार याच्या उलटा होता. करेक्शन प्लस सोळा. म्हणजे सेन्सर म्हणतोय गाडी लीन आहे. पण प्लग काढले तर चारही काळेकुट्ट, काजळी बोटाला लागणारी, म्हणजे गाडी रिच आहे. आकडा एक सांगतोय, प्लग दुसरंच. अशा वेळी मी प्लगवर विश्वास ठेवतो, कारण प्लग आगीत बसलेला असतो आणि सेन्सर आगीनंतरच्या धुरात. गार इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ कान दिला तर बारीक टकटक येत होती, आणि सेन्सरच्या अलीकडच्या गॅस्केटला काळा ओघळ होता. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सरला ती ऑक्सिजन म्हणून दिसत होती आणि ईसीएम बिचारा इंधन वाढवत होता. आधी एका ठिकाणी व्हॅनवाल्या काकांनी मॅप बारा टक्के वाढवून घेतला होता. त्याने करेक्शन कमी दिसायला लागलं, चेक लाइट गेला. इंजिनात मात्र गॅस तितकाच जात होता, फक्त ईसीएमऐवजी मॅप तो देत होता. ॲव्हरेज सुधारणार कुठून? गॅस्केट बदललं आणि मॅप मूळ जागी नेला. त्या व्हॅनवाल्या काकांचा गॅसचा खर्च कित्येक महिने वाया गेला होता, आणि ते शाळेच्या फीएवढ्या पैशावर गाडी चालवणारे. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

मिसिंगचंही असंच. सीएनजी पेटवायला स्पार्क जोरकस लागतो. कॉइल कमजोर झाली, प्लगची गॅप वाढली की पेट्रोलवर गाडी तग धरते आणि गॅसवर मिस होते. न जळलेल्या मिश्रणाबरोबर ऑक्सिजनही तसाच बाहेर पडतो, सेन्सर 'लीन' म्हणतो, ट्यूनर गॅस वाढवतो आणि प्लग बदलायचे राहूनच जातात.

आणि करेक्शनचा आकडा जिथे काहीच सांगत नाही अशीही जागा आहे, घाट. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीएम सेन्सरचं ऐकणं थांबवून स्वतःच्या तक्त्यावर चालतो. त्यामुळे 'सपाटीला सगळं शून्य, चढावर दम नाही' अशा गाडीत मी ट्रिमकडे बघत नाही, गॅसच्या प्रेशरकडे बघतो. लोड आल्यावर प्रेशर खाली बसत असेल तर पहिला संशय गॅस फिल्टरवर. पंपावरच्या कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसबरोबर थोडं थोडं येतं आणि फिल्टरचा कागद चिकट काळा करून टाकतं. फिल्टरला खर्च फार नाही. त्याऐवजी मॅप वाढवला तर किती वाढवणार? सहा हजार आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र, म्हणजे दोन फेऱ्या, 20 मिलिसेकंदांत संपतं, इंजेक्टर त्याहून जास्त वेळ उघडा राहूच शकत नाही.

जुन्या काळी, म्हणजे मिक्सरच्या किटच्या दिवसांत, गाडीच्या ईसीएमला फसवायला एक छोटी डबी मिळायची. ती सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल द्यायची, ईसीएम खूश, चेक लाइट बंद. त्या किटला दुसरा इलाज नव्हता हे मान्य. पण तशी डबी आजच्या सिक्वेन्शियल गाडीत बसवून मागणारे येतात. मी बसवत नाही. घरगुती सिलिंडर गाडीत जोडून द्या म्हणणारेही पूर्वी यायचे, त्यांनाही दारातूनच परत पाठवलं. एकदा तर तशा गाडीत रोज शाळेची पोरं बसणार होती.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन कारण आलंय आणि ते गाडीत नाही, पेट्रोलमध्ये आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर यायला लागलं, आता तेच सगळीकडे मिळतं. इथेनॉलच्या एका किलोला नऊच किलो हवा लागते, म्हणून ई-20 ला साधारण साडेतेराचं प्रमाण बसतं. जुन्या दहा टक्केवाल्या पेट्रोलपेक्षा ईसीएमला चारेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. त्यामुळे जुन्या गाड्यांत पेट्रोलचं करेक्शन आपोआप थोडं प्लसकडे सरकलेलं दिसतं. गॅसमध्ये इथेनॉल नाही, तो होता तिथेच. पूर्वी जुळवलेल्या दोन रेघा आता थोड्या फाकलेल्या दिसतात आणि लोक घाबरून येतात, किट बिघडलं म्हणून. ते बिघडलेलं नसतं. चार-पाच टक्क्यांसाठी मी मॅपला हात लावत नाही. पुढे-मागे पेट्रोल आणखी बदललं तर पुन्हा मॅप बदलत बसायचं का? त्यापेक्षा जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्या, असं सांगतो. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने बीएस-6 गाड्यांनाही मान्यताप्राप्त किट बाहेरून बसवायला परवानगी दिली, तेव्हापासून कामाचा दर्जा सांभाळणं आणखी गरजेचं झालंय. या गाड्यांचे ईसीएम फार बारकाईने बघतात. जुनी ओमनी जे निमूट सहन करायची ते या करत नाहीत. माझ्याकडची पोरं लॅपटॉप माझ्यापेक्षा भराभर चालवतात. त्यांना मी बोनेट उघडून हात लावायला शिकवतो. पाइप गरम आहे का, फिल्टर कधी बदलला, प्लग कसा दिसतो, पेट्रोलचा आकडा किती. लॅपटॉप त्यानंतर.

ज्यांच्याकडे गॅसची गाडी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. 'सेटिंग करून द्या' असं म्हणू नका, तक्रार काय आहे ते सांगा. कधी होते तेही सांगा, गार असताना की गरम, सपाटीला की चढावर. मिस्तरीकडे कामाच्या आधीचे आणि नंतरचे पेट्रोल आणि गॅस दोन्हींचे आकडे मागा. चांगला मिस्तरी ते आनंदाने दाखवेल. टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून एकदा थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. आणि डिकीतल्या सिलिंडरची पाटी आजच वाचा. त्यावर तपासणीची तारीख असते, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावीच लागते, आणि ती चुकलेल्या गाड्या आमच्याकडे अजूनही येतात.